दातांत अडकलेला कोकाचा तोबरा

ती मांडी घालून बसली आहे. मान थोडी पुढे कललेली, केसांच्या बारीक वेण्या आणि दातांत कोकाच्या पानांचा तोबरा. हातांवरची लवसुद्धा टिकून आहे. तेरा-चौदा वर्षांच्या या मुलीला जाऊन पाचशे वर्षं झाली.

अर्जेंटिना आणि चिलीच्या सीमेवरच्या युयाइयाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, ६,७३९ मीटर उंचीवर, ती १९९९ साली सापडली. योहान राइनहार्ड आणि कॉन्स्तान्सा सेरुती यांच्या पथकाला तिच्यासोबत चार-पाच वर्षांची आणखी दोन मुलं मिळाली, एक मुलगा आणि एक मुलगी. त्या धाकटीच्या देहावर पुरल्यानंतर कधीतरी वीज कोसळली होती. प्रेतांना कोणी मसाले लावले नव्हते. कडाक्याच्या थंडीने आणि कोरड्या हवेनेच ती राखली.

ही मुलं बळी दिलेली होती. इंका साम्राज्यात अशा बळीला ‘कापाकोचा’ म्हणत. निवडलेली मुलं देखणी आणि निर्दोष अंगाची असावी लागत. या मुलीचं शेवटचं वर्ष कसं गेलं, ते तिच्या वेणीनेच सांगितलं. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, त्यामुळे लांब वेणी म्हणजे खाण्यापिण्याची रोजनिशीच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीनुसार, मृत्यूच्या वर्षभर आधी तिच्या ताटात मका आणि मांस येऊ लागलं, कोकाचं प्रमाण एकदम चढलं. अखेरच्या काही आठवड्यांत चिचा, म्हणजे मक्याची दारू, भरपूर पाजली गेली. अंगावर जखम नाही. गुंगीतच ती थंडीने गेली असावी. एवढी बडदास्त कशासाठी, हे तिला कळत होतं का, ते मात्र वेणीत लिहिलेलं नाही.

पेरूच्या अंपातो शिखरावर १९९५ साली सापडलेल्या ‘हुआनिता’ या बळी गेलेल्या मुलीच्या वाट्याला असा मृत्यू आला नाही. तिच्या कवटीवर जबर घाव होता. शेजारच्या साबानकाया ज्वालामुखीची राख पडून बर्फ वितळलं, म्हणून ती दिसली.

सगळ्याच ममी बळींच्या नव्हेत. इंका राजांच्या ममी मेल्यावरही जमीनजुमल्याच्या मालक असत. सणाला त्यांना राजधानी कुस्कोच्या चौकात आणून चिचा पाजत. चिलीच्या किनाऱ्यावरचे चिंचोरो लोक तर सात हजार वर्षांपूर्वी, इजिप्तच्या कितीतरी आधी, ममी करत होते.

एवढं खरं हाताशी असताना परग्रहवासी कशाला हवेत? तरी १२ सप्टेंबर २०२३ रोजी पत्रकार हाइमे माउसान यांनी तीन बोटांचे दोन छोटे देह थेट मेक्सिकोच्या संसदेत मांडले आणि ते माणसाचे नव्हेत असा दावा केला. पुढे लिमाच्या विमानतळावर तशाच धाटणीच्या दोन बाहुल्या पकडल्या गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये पेरूच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी त्यांचा उलगडा केला: प्राण्यांची हाडं, आजच्या काळातला कृत्रिम गोंद.

त्याआधीचा ‘आता’चा प्रकार जास्त जिव्हारी लागतो. चिलीच्या आताकामा वाळवंटात, ला नोरिया या ओसाड गावी, २००३ साली पंधरा सेंटीमीटरचा सांगाडा मिळाला, तोच ‘आता’. डोकं निमुळतं, बरगड्यांच्या दहाच जोड्या. तो परग्रहवासी असावा अशा चर्चेतून त्यावर चित्रपटही निघाला. २०१८ साली डीएनए तपासणीचा निष्कर्ष आला: माणसाचीच मुलगी, बहुधा जन्मतःच गेलेली. सापडली तेव्हा ती पांढऱ्या कापडात गुंडाळलेली होती, वरून जांभळी रिबीन बांधलेली.