उंची टेकडीची, उंची आनंदाची

म्हैसूर शहराच्या पश्चिमेस बोगादी हे उपनगर वसले आहे. शहराकडे येणारा बोगादी रस्ता म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसराजवळून जातो. जवळच कुक्करहळ्ळी तलावाचा शांत काठ आहे. शहराच्या दुसऱ्या बाजूस, आग्नेय दिशेला, चामुंडी टेकडी उभी आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे १,०६० मीटर असली, तरी म्हैसूरच मुळी पठारावर असल्याने पायथ्यापासूनची चढण जेमतेम ३०० मीटरांची भरते. हिमालयाच्या देशात या उंचीला कोण विचारणार? परंतु भल्या पहाटे पायऱ्या चढणाऱ्या म्हैसूरकरांना ती कधी अपुरी वाटलेली दिसत नाही.

डोंगर जितका मोठा तितका आनंद मोठा, असा एक सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रातील गिर्यारोहणप्रेमी १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईचे नाव अभिमानाने घेतात. राज्यातील सर्वोच्च शिखर म्हणून तेथे पावसाळी सुट्ट्यांत एवढी गर्दी लोटते की, लोखंडी शिड्यांपाशी ताटकळत उभे राहावे लागते. शिखर तेच, उंचीही तीच; पण रांगेत उभ्या असलेल्या पर्यटकाच्या पदरी आनंद किती पडतो, हा प्रश्न उरतोच.

डोंगराच्या आकाराचा हिशेब अत्यंत काटेकोरपणे मांडला जातो तो बर्फावरून घसरण्याच्या, म्हणजेच स्कीइंगच्या खेळात. माथ्यापासून पायथ्यापर्यंत किती मीटर उतरता येते, यावर तेथे डोंगराची प्रतिष्ठा ठरते. काश्मीरमधील गुलमर्ग येथे रज्जुमार्गाने अफरवट पर्वताच्या खांद्यावर गेल्यास खाली गुलमर्गपर्यंत १,२०० मीटरांहून अधिक उतार मिळतो. याउलट अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील बक हिल या टेकडीचा उतार १०० मीटरही भरत नाही. म्हणजे चामुंडी टेकडीवर उद्या बर्फ पडला, तर ती बक हिलच्या तिप्पट ठरेल! तरीही याच बक हिलवर लिंडसे वॉन ही मुलगी स्कीइंगचे धडे गिरवत होती. २०१० साली व्हँकुव्हर येथील ऑलिंपिकमध्ये तिने उतारावरील वेगवान शर्यतीचे सुवर्णपदक पटकावले.

लहान टेकडीने हे कसे साधले? उतार छोटा असला की खाली पोहोचायला अर्ध्या-एक मिनिटाचा अवधी पुरतो आणि पुन्हा वर जाण्यासही फारसा वेळ लागत नाही. त्यामुळे एकाच संध्याकाळी तीच वळणे अनेकदा घेता येतात. चूक ध्यानात येताच ती लगेच सुधारता येते. अर्थात, मोठ्या पर्वताचे मोल त्यामुळे कमी होत नाही. दीर्घ उताराचा वेग, बदलता बर्फ आणि थकल्या पायांची परीक्षा छोट्या टेकडीवर अनुभवता येत नाही. वॉनलाही पुढील सरावासाठी कोलोरॅडोतील उंच पर्वतांकडे जावे लागले. आव्हान आणि कौशल्य यांचा मेळ बसतो तेथे मन रमते, असे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी सांगितले आहे. नवशिक्याला गुलमर्गच्या माथ्यावर भीतीच गाठेल आणि कसलेल्या खेळाडूला छोट्या उताराचा लवकरच कंटाळा येईल. डोंगराचा आकार चढणाऱ्याच्या बळाशी जुळला पाहिजे, हेच खरे.

बर्फ नसलेल्या आपल्या प्रदेशातही याचा प्रत्यय येतो. पुण्यातील पर्वतीला अवघ्या १०३ पायऱ्या आहेत. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी तेथे देवालय उभारले. आजही आबालवृद्ध तेथे नित्यनेमाने चढतात. कळसूबाईची भेट वर्षातून एखाद्या वेळी घडते. पर्वतीची रोज घडू शकते. बँकेच्या परिभाषेत सांगायचे, तर ही आनंदाची आवर्ती ठेव होय. हप्ता लहान, पण खंड न पडता भरलेला.

चामुंडी टेकडी या दोहोंच्या मधली आहे. तिच्या सुमारे हजार पायऱ्या आणि वाटेवरील एकाच शिळेतून घडवलेला भव्य नंदी सतराव्या शतकात दोड्ड देवराज ओडेयर यांच्या काळातील आहेत. निम्म्याहून अधिक वाट सरल्यावर हा नंदी भेटतो, तेव्हा दमलेल्या जिवाला विसाव्याचे निमित्त मिळते. माथ्यावर चामुंडेश्वरीचे मंदिर आणि खाली पसरलेले शहर. हे सारे न्याहारीच्या वेळेपूर्वी आटोपून माणूस कामावर रुजू होऊ शकतो.

मात्र जवळ असणे हेच अशा टेकड्यांवरचे संकटही ठरते. २०२१ च्या पावसात चामुंडी टेकडीवर नंदीकडे जाणारा रस्ता खचला. तेथे रज्जुमार्ग उभारण्याचा विचार पुढे आला, तेव्हा नागरिकांनी त्यास विरोध केला. पुण्यातही वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध टेकडीप्रेमी एकवटले. उंच शिखरांना त्यांची कीर्ती आणि दुर्गमता काही अंशी तरी राखते; लहान टेकड्यांना मात्र रोज तेथे जाणाऱ्यांचाच काय तो आधार असतो.

तेव्हा मोठ्या सहलीचे बेत अवश्य आखावेत, त्यासाठी बचतही करावी. परंतु घराजवळच्या टेकडीला त्या बेतापर्यंत ताटकळत ठेवू नये. बोगादीच्या रहिवाशाला चामुंडीचा माथा गाठण्यास एक सकाळ पुरते, आणि तशी सकाळ दर आठवड्याला उगवते.