रामघाटावरील पाठ आणि त्याचे चित्रण

काशीत गंगा उत्तरवाहिनी असल्यामुळे तेथील घाट पश्चिम तीरावर पूर्वाभिमुख उभे आहेत, आणि या एका गोष्टीने तेथे चित्रीकरण करू पाहणाऱ्याचे वेळापत्रक आधीच ठरवून टाकलेले असते: सूर्य पलीकडच्या वाळवंटावरून वर येतो, पायऱ्या नि बुरूज उन्हाने भरून जातात, आणि दुपार कलली की मागच्या उंच वाड्यांची छाया पाण्यापर्यंत उतरते. पुण्याच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा चमू एका स्पर्धेसाठी रामघाटावर लघु माहितीपट करावयास निघाला तेव्हा त्याच्या टिपणवहीत हाच प्रकाशाचा हिशेब मांडलेला होता. विषय मात्र वेदपाठाचा होता. आणि त्या मुलांच्या सोबतीस राहिल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की ज्याला कंठस्थ विद्येचे चित्रण करावयाचे आहे त्याने कामाची सूत्रे ध्वनिमुद्रकाच्या स्वाधीन करावीत, आणि कॅमेऱ्याने त्याच्या मागून चालावे.

या विषयाला रामघाटाइतके योग्य स्थळ मिळणे कठीण. दक्षिणेस भोसले घाट, उत्तरेस जटार, ग्वाल्हेर, बालाजी, पंचगंगा. या नावांतूनच मराठी सरदारांची आणि विद्वानांची वस्ती बोलते, आणि एकनाथांनी भागवतावरील आपली टीका शके १४९५ मध्ये याच काशीत पूर्ण केली. येथील वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या तरुणाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे सुमारे २००० मंत्र दंडक्रम या अवघड पाठपद्धतीने, ग्रंथ समोर न ठेवता, ५० दिवसांत म्हणून दाखवले. मुलांना विषय सुचला तो त्या वार्तेतून.

सरकारी परवानगीचे काम अर्ज, ओळखपत्रे आणि सामग्रीची यादी एवढ्यावर रीतसर उरकले. खरी परवानगी घ्यावयाची होती ती घाटामागच्या गल्लीत आपल्या घरी शिष्यांना संथा देणाऱ्या एका वृद्ध गुरुजींची. त्यांनी मुलांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच अट घातली: "बाळांनो, यंत्रं कुठंही मांडा, आमची हरकत नाही, पण पाठ सुरू झाल्यावर कुणी थांबा म्हणायचं नाही." ज्यांचे सारे शिक्षण 'अॅक्शन' आणि 'कट' या दोन आज्ञांभोवती झालेले, त्यांच्या हातून दुसरी आज्ञा अशी सहज काढून घेतली गेली.

त्या अटीचे कारण पाठाच्या रचनेतच आहे. क्रमपाठात पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी जोडले जाते. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशी पदे पुढे जातात, उलटतात, पुन्हा पुढे येतात. लेखणीचा आधार न घेता अक्षर आणि स्वर यांत तिळमात्र फरक पडू नये म्हणून पूर्वजांनी केलेली ही तजवीज आहे, आणि तिच्यात मधूनच शिरण्यास दार नाही.

पहिली अडचण माइकची. उपरण्याच्या काठाला लावलेला छोटा माइक निरुपयोगी ठरला, कारण माध्यंदिन शाखेत स्वर हातानेही दाखवावयाचा असतो: उदात्ताला हात वर जातो, अनुदात्ताला खाली येतो, स्वरिताला आडवा फिरतो, आणि त्या प्रत्येक हालचालीबरोबर उपरण्याची सळसळ मंत्रावर चढत होती. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीने तो माइक काढला, बूम वरून धरला, आणि कानाला हेडफोन लावून ती भिंतीशी अशी उभी राहिली की पाठ संपेपर्यंत तिचा हात ढळला नाही. बूमची सावली मात्र गुरुजींच्या खांद्यावर पडू लागली. १९५६च्या 'अपराजितो' या चित्रपटासाठी छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी कलकत्त्यात उभारलेल्या काशीच्या घराच्या चौकावर कापड ताणून त्यावरून परावर्तित प्रकाश घेतला होता, हे छायाचित्रण करणाऱ्या मुलाला ठाऊक होते. त्याने मागून आणलेले पांढरे धोतर गुरुजींच्या घराच्या चौकावर बांधताच ऊन मऊ झाले आणि सावली विरून गेली.

तोवर कॅमेरा गुरुजींच्या मुद्रेवर खिळलेला होता. मुद्रा तेजस्वी होती यात शंका नाही, परंतु तिच्यावरून ऐकू येणाऱ्या स्वराचा काहीच बोध होत नव्हता. समोर बसलेला आठ-नऊ वर्षांचा शिष्य एका पदाशी चुकला. गुरुजींनी शब्द न उच्चारता त्याचे मनगट धरून किंचित खाली आणले, आणि त्याच क्षणी मुलाचा आवाजही जागेवर आला. हेडफोन लावलेल्या मुलीने कॅमेऱ्याकडे पाहून फक्त हाताची खूण केली. तेथून पुढे चित्रचौकटीत हातच राहिले: गुरूचा सुरकुतलेला, शिष्याचा कोवळा, दोन्ही एकाच वेळी चढणारे आणि उतरणारे.

घाटावरील अनेक नावांना आता सीएनजीची यंत्रे बसली असली तरी त्यांचा आवाज गल्लीपर्यंत पोहोचतोच. तो काही पाठांत आला, आणि तसाच राहू दिला.

संकलनाच्या वेळी स्पर्धेची कालमर्यादा आड आली. सूर्योदय होता, आरती होती, नावेतून टिपलेली घाटांची सलग रांग होती. आणि एका कंडिकेचा, म्हणजे एका मंत्रखंडाचा, घनपाठ होता, ज्यात कात्री चालवावयास जागा नव्हती. बराच वाद झाला, एक-दोघे रुसलेही. अखेरीस घनपाठ संपूर्ण ठेवला, आरती वगळली, आणि सूर्योदयाला नामावलीखाली काही सेकंद मिळाले.