वंध्यत्वोपचार व विमासंरक्षण
नियमित शरीरसंबंध असूनही एक वर्षात गर्भधारणा न होणे, यास वैद्यकात सामान्यतः वंध्यत्व म्हणतात. औषधयोजना, शस्त्रक्रिया, कृत्रिम वीर्यसेचन तसेच शरीराबाहेर बीजांडाचे फलन घडवून गर्भाशयात त्याचे रोपण करणे (बाह्यफलन) हे त्यावरील प्रमुख उपचार होत. त्यांचा खर्च कोणी सोसावा, हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे.

विमा म्हणजे अनिश्चित जोखीम अनेकांत वाटून घेण्याची व्यवस्था. उपचारांची गरज असणारेच विमा उतरवतील व हप्ते वाढतील, या भीतीने विमा कंपन्या हा खर्च टाळतात. कायद्याने तो सर्व विमापत्रांत समाविष्ट केल्यास भार विभागला जातो. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्याने १९८७ मध्ये असा कायदा केला. इझ्राएलमध्ये दोन अपत्यांपर्यंतचा बाह्यफलनाचा खर्च सार्वजनिक आरोग्यविम्यातून भागविला जातो.

भारतात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी बाह्यफलनाने अपत्यजन्म झाला. तथापि धोरणाचा मुख्य रोख जन्मनियंत्रणावरच राहिला. सातारा जिल्ह्यात २००७ मध्ये सुरू झालेल्या योजनेत पहिले अपत्य दोन वर्षे लांबविणाऱ्या नवदांपत्यास ५,००० रु. व तीन वर्षे लांबविणाऱ्यास ७,५०० रु. देऊ करण्यात आले. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया अयशस्वी ठरल्यास भरपाई देणारी विमायोजना केंद्र शासनाने २००५ मध्येच सुरू केली होती. अपत्य न होण्यासाठी विमा व अनुदान उपलब्ध झाले. अपत्यप्राप्तीसाठी मात्र तसे संरक्षण सर्वसामान्यांस लाभले नाही.

प्रजननतंत्राकडे कायदा सावधपणे पाहतो, त्यालाही कारण आहे. सांगली जिल्ह्यात म्हैसाळ येथे मार्च २०१७ मध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले. लिंगनिवडीचा हा धोका लक्षात घेऊन साहाय्यित प्रजननतंत्र (नियमन) अधिनियम, २०२१ याने लिंगनिवडीस मनाई केली. या अधिनियमानुसार बीजांडदात्या स्त्रीसाठी १२ महिन्यांचा, तर त्याच वर्षीच्या सरोगसी अधिनियमानुसार सरोगेट मातेसाठी ३६ महिन्यांचा विमा आवश्यक आहे. उपचार घेणाऱ्या दांपत्याच्या खर्चासाठी अशी तरतूद नाही.

विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अपवर्जनांत वंध्यत्वोपचारांचा अंतर्भाव आहे. एखादी कंपनी हे अपवर्जन वगळू शकते. तसे बंधन मात्र तिच्यावर नाही. प्रतिकुटुंब वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण देणाऱ्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतूनही (२०१८) प्रजननविषयक उपचार वगळण्यात आले. याउलट केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी २०११ च्या आदेशाने बाह्यफलनाच्या तीन आवर्तनांपर्यंत, प्रत्येकी ६५,००० रु. मर्यादेत, प्रतिपूर्ती मान्य करण्यात आली.

परिणामी सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकरी, शेतमजूर व असंघटित कामगार यांना, खाजगी उपचार घ्यावयाचे झाल्यास, बचत वा कर्ज यांवरच विसंबावे लागते. बाह्यफलनाच्या एका आवर्तनात यश येईलच असे नसल्याने पैशाअभावी उपचार अर्ध्यावर सुटण्याचा संभव राहतो आणि वंध्यत्वाचा सामाजिक दोष बहुधा स्त्रीच्याच माथी येतो; वस्तुतः त्याची कारणे पुरुषातही असतात.

विम्याव्यतिरिक्त दुसरा मार्ग शासकीय रुग्णालयांचा होय. गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये विनामूल्य बाह्यफलनाची सोय करण्यात आली. असे केंद्र जिल्ह्याजवळ असले, तर विमापत्र नसलेल्या कुटुंबासही उपचार मिळू शकतात. केवळ विम्यावर आधारलेले धोरण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.