पायऱ्या किती?

मुलांनो, हॉटेलात जायचं ठरलं की तुमच्या घरात पहिला प्रश्न कोणता निघतो? "काय खायचं?" हाच ना! कुणाला मिसळ हवी असते, कुणाला डोसा, तर आजोबांना ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी. पण व्हीलचेअरवर, म्हणजे चाकाच्या खुर्चीवर फिरणाऱ्या मुलाच्या घरी आधी वेगळाच प्रश्न विचारतात : "तिथं पायऱ्या किती आहेत?"

असं का बरं? त्यासाठी बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या बाजारात जाऊन एखाद्या हॉटेलासमोर उभे राहा आणि नीट बघा. रस्ता आणि हॉटेल यांच्यामध्ये बऱ्याचदा गटार असते. तिच्यावर एक फरशी टाकलेली असते, ती हलते. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून जोतं उंच बांधलेलं असतं, म्हणून दोन-तीन पायऱ्या. पायऱ्यांपाशी मोटारसायकली उभ्या. आत गेलं तर टेबल आणि बाकडी एकमेकांना जोडलेली. खुर्ची टेबलाखाली सरकवायला जागाच नाही! हात धुवायचं बेसिन उंचावर आणि संडासाचं दार अरुंद. तुम्ही हे सगळं रोज बघता, पण ते तुमच्या लक्षात येत नाही. कारण तुमचे पाय टुणकन उडी मारून आत जातात.

मग त्या मुलाचं काय होतं? घरचे म्हणतात, "तू थांब गाडीत, आम्ही पार्सल आणतो." पार्सल येतं, भाकरी तीच, ठेचाही तोच. पण गरम तव्यावरून थेट ताटात पडलेली भाकरी, शेजारच्या टेबलावरचा गलका, मित्राच्या ताटातला पापड पळवण्याची मजा, यांतलं काहीच पार्सलमध्ये येत नाही. वाढदिवसाला सगळा वर्ग आत बसला आणि एकटा मित्र बाहेर राहिला, तर त्याला कसं वाटेल?

आता गणिताची वही काढा. पायरीऐवजी उतार करायचा असेल तर एक सोपा नियम आहे. जेवढी उंची, त्याच्या बारापट लांबी. एक पायरी १५ सेंटिमीटरची असेल, तर उतार हवा १८० सेंटिमीटर लांब. दोन पायऱ्या असतील तर ३६० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ बारा फूट. यापेक्षा आखूड उतार घसरगुंडीसारखा होतो आणि खुर्ची मागे कलंडू शकते. दार साधारण ९० सेंटिमीटर रुंद असलं की खुर्ची आरामात आत जाते. आत गेल्यावर ती जागेवर वळवायला दीड मीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ पुरतं. टेबलाखाली गुडघे जायला साधारण ७० सेंटिमीटर उंचीची मोकळी जागा हवी. बघा, चार आकडे आहेत. यात अवघड काय आहे?

पायऱ्यांचं हे दुखणं काही फक्त आपल्याकडचं नाही, बरं का! भूमध्य समुद्राकाठी ग्रीस नावाचा देश आहे. तिथल्या अथेन्स शहरात अ‍ॅक्रोपोलिस ही टेकडी आहे आणि तिच्यावर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची मंदिरं आहेत. खडकाळ चढणीमुळे चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना वर जाणं फार कठीण होतं. २००४ साली अथेन्समध्ये ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक स्पर्धा झाल्या, तेव्हा तिथं लिफ्ट बसवली गेली. ३ डिसेंबर २०२० रोजी, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनी, तिथं नवी लिफ्ट सुरू झाली.

त्याच देशात एपिडॉरस इथं आरोग्यदेवतेचं प्राचीन देवस्थान आहे. आजारी आणि लंगडी माणसं तिथं बरं व्हायला येत. तिथल्या इमारतींना ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात दगडी उतार बांधलेले आहेत. डेबी स्नीड या अभ्यासक बाईंनी २०२० साली असं मत मांडलं, की हे उतार चालता न येणाऱ्या भक्तांची सोय म्हणून असावेत. ते खरं असेल, तर ही युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. मग आपल्या गल्लीतल्या दोन पायऱ्यांचं काय घेऊन बसलात?

आपल्या देशातही यासाठी कायदा आहे. पहिला कायदा १९९५ साली झाला. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानं घेतली. लोकांच्या वापरातली इमारत खासगी असली तरी ती सर्वांना वापरता आली पाहिजे, असं हा कायदा सांगतो. म्हणजे हॉटेलसुद्धा त्यात आलंच! २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग माणसं मोजली गेली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना किशोरवयात कमरेखाली लुळेपणा आला. पुढे त्यांनी अपंगांसाठी मोठी संस्था उभी केली आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र लिहिलं. आई-बाबांनो, ते मुलांबरोबर तुम्हीही जरूर वाचा.

उतार होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करायचं? आपली माणसं मायाळू आहेत. खुर्ची दिसली की चार हात लगेच उचलायला पुढे येतात. पण आधी विचारा, "मदत करू का? कुठं धरू?" खुर्चीचे हात किंवा पाय ठेवायच्या पट्ट्या सुट्या होणाऱ्या असतात. त्या धरून उचललं तर हातात पट्टी आणि माणूस खाली! उतारावरून खाली येताना खुर्ची सहसा पाठमोरी आणावी. न विचारता खुर्ची ढकलू नये, तिच्यावर रेलू नये. आणि एक महत्त्वाचं. वाढपी काका पुष्कळदा सोबतच्या माणसाला विचारतात, "यांना काय देऊ?" अहो, ज्याला भूक लागली आहे, त्यालाच विचारा की! त्याचे पाय चालत नसतील, पण तोंड चांगलं चालतं!

आता या रविवारी एक काम करा. एक मोजपट्टी आणि कागद घ्या. घरच्या मोठ्या माणसाला सोबत न्या. तुमच्या नेहमीच्या हॉटेलात गर्दी नसेल अशा वेळी जा आणि मालककाकांना नम्रपणे विचारून पायरी, दार आणि टेबल मोजा. आपल्या मित्राला किंवा शेजारच्या ताईला खुर्ची लागत असेल, तर त्यांनाही विचारा, कारण अडचण कुठं येते हे त्यांनाच सगळ्यांत चांगलं ठाऊक असतं. मग काकांना सांगा : "काका, उतार केलात तर गुडघे दुखणारी आजी येईल, बाळाची गाडी येईल आणि तुमचं गॅसचं सिलिंडरसुद्धा सरळ ढकलत आत नेता येईल." एखादं बाकडं काढून दाराजवळ एक सुटं टेबल ठेवता येईल का, तेही विचारा. उतार झालाच, तर त्याच्यावर मोटारसायकल लावू नका, असं बाबांना बजावा.

काका लगेच "हो" म्हणतील असं नाही. पण पुढच्या वाढदिवसाचं हॉटेल ठरवताना तुमच्या घरातही पहिला प्रश्न तोच विचारा : "तिथं पायऱ्या किती आहेत?" उत्तर ऐका आणि मगच काय खायचं ते ठरवा.