करार कधी सुटतो?

लंडनमधलं एक संगीत सभागृह १८६१ साली चार दिवसांच्या कार्यक्रमांसाठी भाड्यानं ठरलं होतं. पहिल्या कार्यक्रमाआधीच ते जळून खाक झालं. दोष कुणाचाच नव्हता. १८६३ मध्ये न्यायालयानं दोन्ही पक्षांना करारातून मोकळं केलं.

आपल्याकडे हेच तत्त्व १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ मध्ये आहे. करारानंतर काम अशक्य किंवा बेकायदा झालं, तर करार रद्द ठरतो. करारातच ‘फोर्स मेजर’ची, म्हणजे अनपेक्षित आपत्तीची तरतूद असेल, तर आधी तिचेच शब्द तपासले जातात.

नुसती महागाई मात्र पुरेशी ठरत नाही. इंडोनेशियानं नियम बदलल्यावर तिथला कोळसा महागला, तेव्हा वीजनिर्मिती कंपन्यांनी या तरतुदीचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तो मान्य केला नाही. काम तोट्याचं झालं, तरी ते करणं शक्य होतं.

म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणत्या आपत्ती धरायच्या, किती दिवसांत कळवायचं, मुदत किती वाढेल आणि आधी दिलेल्या पैशांचं काय होणार. अडचण आलीच, तर लगेच लेखी कळवावं आणि पुरावे जपून ठेवावेत. छोट्या व्यावसायिकाला एवढी काळजीही मोठ्या नुकसानीतून वाचवू शकते.