सामाजिक प्रकल्पासाठी अनुदान प्रस्ताव : पनवेल तालुक्यातील कातकरी वाडीच्या पाणीप्रश्नाच्या संदर्भात

प्रस्तावना :
तळोजा औद्योगिक वसाहत आणि २०१६ मध्ये स्थापन झालेली महानगरपालिका ही पनवेल तालुक्याची एक बाजू होय. डोंगरपायथ्याच्या कातकरी वाड्या ही दुसरी. पाऊस भरपूर पडतो, परंतु तीव्र उतार आणि कठीण खडक यांमुळे पाणी वाहून जाते व उन्हाळ्यात अनेक वाड्यांना टंचाई भासते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावयाची असते. सुरक्षित पेयजल हा विषय या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत समाविष्ट आहे. या निधीसाठी प्रस्ताव कसा लिहावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गरजेची मांडणी :
‘वाडीस टाकीची आवश्यकता आहे’ हे गरजेचे नव्हे, उपायाचे विधान आहे. गरज आकड्यांतून सिद्ध व्हावी. समजा, वाडीत ४० कुटुंबे व २०० व्यक्ती आहेत. जलजीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटर या निकषानुसार दररोज ११,००० लिटर पाणी लागेल. टंचाईचे ९० दिवस धरल्यास ही गरज ९,९०,००० लिटर होते. दहा हजार लिटरची टाकी एका दिवसालाही पुरत नाही. म्हणून टाकीपूर्वी पाण्याचा स्रोत निश्चित करणे आवश्यक ठरते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. पावसाळ्यानंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टी व कोळसाभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करतात. एकाच भेटीतील गणना त्यामुळे फसवी ठरते. गणना महिनावार करावी आणि निर्णयाची बैठक लोक वाडीवर असताना घ्यावी.

निष्पत्ती आणि परिणाम :
विहीर खोल करणे हा उपक्रम, वाढलेला पाणीसाठा ही निष्पत्ती, तर स्त्रियांचा पाणी आणण्यातील वाचलेला वेळ हा परिणाम होय. हा वेळ काम सुरू होण्यापूर्वी मोजलेला नसेल, तर पुढे परिणाम सिद्ध करता येत नाही.

जागा व मालकी :
अनेक कातकरी वाड्या इतरांच्या खाजगी जमिनीवर वसलेल्या आहेत. म्हणून सातबारा उतारा, जमीनधारकाची लेखी संमती व ग्रामसभेचा ठराव प्रस्तावास जोडावा. संमतीवाचून केलेले बांधकाम वाडीलाच अडचणीत आणू शकते. २०२१ मधील सुधारित नियमांनुसार या निधीतून निर्माण झालेली मत्ता नोंदणीकृत अंमलबजावणी संस्था, लाभार्थींचा गट अथवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडे असावी लागते. ती कोणाकडे राहील, हे प्रस्तावात स्पष्ट लिहावे. संस्थेचा सीएसआर नोंदणी क्रमांकही नमूद करावा. १ एप्रिल २०२१ पासून तो अनिवार्य आहे.

अंदाजपत्रक :
प्रत्येक रकमेस परिमाण, दर व आधार असावा. पंपाची किंमत लिहून वीजबिल व दुरुस्तीखर्च वगळल्यास योजना अनुदान संपताच बंद पडण्याचा धोका असतो. हा खर्च कोण व कसा उचलणार, हे वाडीच्या पाणी समितीशी चर्चा करून ठरवावे. जमा होऊ न शकणारी लोकवर्गणी कागदावर दाखवू नये.

निष्कर्ष :
यशस्वी प्रस्ताव भाषेच्या प्रभावावर नव्हे, तर पूर्वतयारीवर उभा राहतो. संख्या, जागा, मालकी आणि देखभाल या चार प्रश्नांची उत्तरे वाडीत बसून शोधावीत. एखादे उत्तर प्रतिकूल आल्यास आराखडा बदलावा, उत्तर नव्हे. कारण अनुदान मिळूनही विहीर कोरडी राहिली, तर दात्याचा केवळ पैसा जातो. वाडीचा मात्र पुढील प्रत्येक योजनेवरील विश्वास जातो.