भट्टी, उकिरडा आणि ऊन

जालन्याला भंगाराची किंमत कोणी शिकवायला नको. शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीत देशातून आणि परदेशांतून मोडके लोखंड येते, इंडक्शन भट्टीत दीड हजारांहून अधिक अंशांवर वितळते आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडते. जुन्या जालन्यातल्या एखाद्या रोपवाटिकेतले मोडके फावडे किंवा झिजलेले खुरपे भंगारवाल्याच्या काट्यावर चढले, की त्याची पुढची वाट इथे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच रोपवाटिकेच्या कोपऱ्यात साचलेला पालापाचोळा, मेलेल्या कलमांची माती, फाटक्या काळ्या पिशव्या आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्या यांचे काय करायचे? नवल असे की, यांतल्या पाल्याला आणि मातीलाही उष्णताच पुन्हा कामाला लावते. त्या उष्णतेला वीज लागत नाही.

आधी पाला. छाटणीच्या फांद्या, तण, सुकलेली रोपे आणि गळालेली पाने यांचा ओलसर ढीग केला की तो दोन-तीन दिवसांत आतून तापू लागतो. सुरुवातीला साध्या तापमानात जगणारे जिवाणू पानांतली साखर आणि पिठूळ भाग खातात. त्यांच्या श्वसनातून निघणारी उष्णता ढिगात कोंडली जाते, पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि हे पहिले कामकरी मागे पडून उष्णताप्रिय जिवाणू पुढचे काम हाती घेतात. चांगला जमलेला ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातो. एवढ्या तापात तणाचे बहुतेक बी आणि अनेक रोगजंतू मरतात. ढीग निवला की बुरशी आणि ॲक्टिनोमायसिटीज हे सूक्ष्मजीव चिवट काष्ठभागाला हात घालतात. तयार खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा जो वास येतो, तो याच ॲक्टिनोमायसिटीजचा.

हे सारे जमायला नत्राच्या सुमारे तीसपट कर्ब लागतो. वाळल्या पानांत कर्ब फार, शेणात आणि हिरव्या तणात नत्र अधिक, म्हणून दोन्हींची सांगड घालावी लागते. नुसत्या वाळल्या पानांचा ढीग वर्षभर तसाच पडून राहतो आणि कंटाळून कोणीतरी त्याला काडी लावते. त्या एका काडीने पानांतला बहुतेक नत्र धुरात जातो आणि शेजाऱ्यांच्या छातीत धूर भरतो. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली, आणि बागेचा कचरा ज्याच्या आवारात निर्माण होतो त्यानेच तो तिथे वेगळा ठेवावा असेही सांगितले.

या विद्येत मराठी नावे मोठी आहेत. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातल्या टाकाऊपासून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवराव पांढरीपांडे यांनी कमी शेणात जास्त खत कसे होईल यावर आयुष्य घातले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्या पद्धतीला ‘नाडेप’ म्हणतात.

नाडेपचे टाके विटांचे, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीत हवेसाठी ठरावीक अंतराने भोके ठेवलेली. तळाशी सहा इंच काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली कोरडी माती, असे अकरा-बारा थर रचत टाके काठाच्याही वर नेतात आणि माती-शेणाच्या गिलाव्याने बंद करतात. पंधरा-वीस दिवसांत कचरा खाली बसतो, तेव्हा पुन्हा थर देऊन टाके लिंपायचे. एका टाक्याला सुमारे दीड टन काडीकचरा, जेमतेम शंभर किलो शेण आणि पावणेदोन टन माती लागते. तीन-चार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत मिळते. इंदूर पद्धतीत ढीग वरचेवर उलथावा लागतो, इथे तेवढी मजुरी वाचते. मला मात्र जालन्यासाठी याहून मोलाचा वाटतो तो वरचा गिलावा, कारण तो ओल धरून ठेवतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या, घाणेवाडी तलावाच्या पातळीकडे डोळे लावून बसणाऱ्या शहरात खतासाठी रोज पाणी शिंपडा असे कोणी सांगू नये.

नाडेपची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. निम्म्याहून अधिक माती असल्याने हे टाके उघड्या ढिगाइतके तापत नाही. म्हणून रोगट मुळे त्यात टाकू नयेत. इथूनच मेलेल्या कलमांच्या मातीचा प्रश्न सुरू होतो, आणि जालन्यात तो जिव्हाळ्याचा आहे.

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या असंख्य मोसंबीच्या बागा वाळून गेल्या आणि लोकांनी झाडांवर कुऱ्हाड चालवली. अशा प्रत्येक आपत्तीनंतर नवी लागवड रोपवाटिकेतल्या कलमांवर उभी राहते. रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरून ही कलमे होतात. त्यांचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे फायटोफ्थोरा. मूळकूज त्याचीच आणि खोडातून डिंक गळणारा डिंक्याही त्याचाच. दिसायला बुरशीसारखा असला तरी हा जीव खऱ्या बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या अधिक जवळचा आहे. ओल्या मातीत त्याचे बीजाणू दोन शेपट्या हलवत मुळांकडे पोहत जातात. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून लाखोंची उपासमार घडवली ती याच्याच एका भावंडाने. मेलेल्या रोपाची माती झटकून नव्या पिशवीत भरली, तर हा वैरी कलमाबरोबर थेट शेतकऱ्याच्या बागेत पोहोचतो. झाड चार-पाच वर्षांचे होऊन वाळते, तेव्हा दोष पावसाला दिला जातो.

यावरचा उपाय आपल्याच उन्हात आहे. १९७६ साली इस्रायलमधील याकोव कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ओल्या मातीवर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून भर उन्हाळ्यात चार-सहा आठवडे ठेवले, की माती इतकी तापते की अनेक रोगजंतू मरतात. काळे प्लास्टिक इथे कमी पडते, कारण ते स्वतःच ऊन पिते. पारदर्शक प्लास्टिकमधून ऊन मातीपर्यंत उतरते आणि उष्णता खाली अडकते. वरच्या थरात ४५ ते ५५ अंश सहज भरतात. ओल हवीच, कारण ओली माती उष्णता खोलवर नेते आणि ओलीत जागे झालेले जंतू तापाला लवकर बळी पडतात. ट्रायकोडर्मासारख्या उपकारक बुरशा आणि उष्णता सोसणारे जिवाणू बऱ्याच प्रमाणात टिकतात आणि रिकाम्या जागेवर ताबा मिळवतात. माती-शेणखताच्या मिश्रणाचा ढीग मात्र फूटभराहून उंच नसावा. एप्रिल-मे मधले जालन्याचे चाळिशी ओलांडणारे ऊन, ज्याला आपण वर्षानुवर्षे शिव्या देत आलो, ते रोपवाटिकेचे फुकटचे औषध आहे.

काळ्या पिशव्यांचे गणित साधे आहे. चिखलाने माखलेली पिशवी भंगारवाला घेत नाही. धुऊन, वाळवून, गठ्ठा बांधून ठेवलेली घेतो. रोपांचे ट्रे आणि कुंड्या धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरता येतात. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत राज्याने रोपवाटिकांसाठी विघटनशील पिशव्यांची मुभा ठेवली. पण त्या पिशव्यांची विघटनाची चाचणी साठीच्या जवळ पोचणाऱ्या तापमानात होते. थंड खड्ड्यात पुरल्या तर त्या दीर्घकाळ तशाच राहू शकतात. त्यांची जागा तापलेल्या ढिगाच्या पोटातच.

औषधांच्या बाटल्यांना यातली कोणतीही उष्णता लागू पडत नाही. बाटली रिकामी होताच तीनदा खंगाळायची, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचे आणि पुन्हा कोणी तिच्यात तेल-पाणी भरू नये म्हणून तिला भोके पाडायची. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत रिकामी वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरण्याची तरतूद आहे. जुन्या जालन्याच्या दाट वस्तीत तशी जागा कुठून आणायची? २०१६ च्या नियमांनी कीटकनाशकांचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले आणि असा कचरा स्वीकारण्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र उघडण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर टाकली. २०२३ मध्ये जालना महानगरपालिका झाली. शहरातल्या रोपवाटिकांनी एकत्र येऊन तिच्याकडे हे केंद्र मागावे, आणि ते जुन्या जालन्यातच, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर मागावे.